क्लारनेटवाल्याची सिस्टर

धुळ्याला देवपुरात आमच्या मागच्या गल्लीत सुलक्षणा सिस्टर राहतात. माझ्या वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची पहिली ओळख झाली. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाच्या त्या प्रमुख सिस्टर. हॉस्पिटल ट्रस्टचं, खाटा नेहमी भरलेल्या. सकाळी ड्यूटीवर आल्या की त्या लगेच आत शिरत नसत. दारातच थोडा वेळ उभ्या राहत आणि सगळ्या खाटांवरून नुसती नजर फिरवत. मला आधी वाटलं, बाई देवाचं नाव घेत असतील. पुढे कळलं, की आज आधी कोणाकडे जायचं ते त्या दारातूनच ठरवतात.

माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यातलं. वडील पुना पाटील शेतकरी, आई तानुबाई. घरी कापूस, दादर ज्वारी आणि चार-पाच ढोरं. गोठ्याचं काम लहानपणापासून सुलक्षणाकडे. ती चारा टाकायला गेली की जी गाय हंबरेल तिच्यापुढे आधी पेंढी टाकायची. एकदा तानुबाईनं तिला थांबवलं आणि अहिराणीत म्हणाली, "हंबरणारं ढोर भुक्यं ऱ्हास, बेटा. जे गप बठी ऱ्हायनं, त्यानाकडे पहिले दख." त्या दिवशी कोपऱ्यात गप बसलेल्या गायीचं पोट फुगलेलं होतं. वेळेत कळलं म्हणून वाचली.

बारावीनंतर तिनं नर्सिंगला नाव घातलं. पुनाभाऊंनी काही अडवलं नाही. अडचण आली ती लग्नानंतर. सासूबाई माणूस प्रेमळ, पण ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, त्यांची घाण काढायची, हे काम आपल्या घरातल्या सुनेला शोभतं का, असं त्या रोज विचारत. नवरा एस.टी. डेपोत मेकॅनिक. तो एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "आई, मी दिवसभर गाडीखाली झोपून काळ्या तेलात लोळतो, ते तुला शोभतं. ही माणसं दुरुस्त करते, तर ते शोभत नाही?" त्यानंतर सासूबाईंनी विषय काढला नाही. पुढे त्यांचंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा तर त्या वॉर्डभर सांगत फिरल्या, "सिस्टर माझी सून आहे बरं का."

सुलक्षणा सिस्टरांच्या हाताखाली नव्या मुली यायच्या. हुशार असायच्या, पण एकदम चार घंटा वाजल्या की गोंधळायच्या. मोहिनी नावाची अशीच एक मुलगी चोपड्याहून नवीन आली होती. एका खाटेला सलाईन संपलेलं, दुसऱ्याला उलटी, तिसऱ्याचे नातेवाईक जेवणाचं विचारतायत आणि चौथा नुकताच ऑपरेशनहून आलेला. मोहिनी मध्ये उभी, रडकुंडीला आलेली. सिस्टर तिला म्हणाल्या, "आधी श्वास. मग रक्त आणि नाडी. मग लघवी झाली का, दुखतंय किती, पाय गार आहेत का. चादर, चहा, सर्टिफिकेट हे सगळं नंतर. नंतर म्हणजे विसरायचं असं नाही हं. पण नंतर."

रुपचंद या वॉर्डात आला तो तुळशीच्या लग्नानंतरच्या ऐन लगीनसराईत.

रुपचंद एरंडोलकडचा. चाळिशीचा, अंगानं शिडशिडीत, बँडमध्ये क्लारनेट वाजवणारा. एरंडोल-पारोळा पट्ट्यात त्याच्या वाजवण्याला मान होता. डीजेच्या दिवसांतही लोक खास त्याच्या बँडला सुपारी द्यायचे, कारण तो हळदीला असं काही वाजवायचा की म्हाताऱ्याकोताऱ्याही अंगणात उतरायच्या. त्याला ताप येत होता, पोटात दुखत होतं. पण एकामागून एक तारखा लागलेल्या. तो गोळ्या खाऊन वाजवत राहिला. एका वरातीत क्लारनेट तोंडाला लावलेलं असतानाच तो पोट धरून खाली बसला. बँडवाल्यांनी त्याला त्याच गणवेशात, लाल कोट आणि सोनेरी झालरीसकट, आमच्या धुळ्याच्या हॉस्पिटलात आणलं.

टायफॉइडनं आतड्याला भोक पडलं होतं आणि पोटभर घाण पसरली होती. डॉक्टर जितेंद्र महाजनांनी तातडीनं ऑपरेशन केलं. आतडं लगेच जोडण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढलं आणि तिथे पिशवी लावली. काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशन करून ते आत घालायचं होतं.

रुपचंद शुद्धीवर आला. चादर उचलून त्यानं एकदा खाली पाहिलं.

"ताई, हाई काय शे?"

सिस्टरांनी सरळ सांगितलं. काय झालं होतं, काय केलं, पिशवी कशासाठी, ती कधी निघेल. रुपचंदनं चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो बोलेचना. बायको लताबाई पायथ्याशी बसून असायची. ती म्हणाली, "ह्या कोनशीच बोलतस नही, ताई. इतलंच म्हनतस, आते मी काय वाजाडसू?"

पोटाला मोठा टाका असला की माणूस खोल श्वास घ्यायला घाबरतो. दुखेल म्हणून वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग छातीत कफ साचतो आणि पोट बरं होतं, पण फुप्फुस बिघडतं. रुपचंदचं तसंच होऊ लागलं होतं. सिस्टरांनी आधी त्याचं दुखणं कमी होईल असं इंजेक्शन वेळेवर मिळतंय ना ते पाहिलं, मग त्याला टेकवून बसवलं. पोटाशी घडी केलेली उशी दिली आणि सांगितलं, ही घट्ट दाबून धरा आणि खोका. मग तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र त्याच्या हातात ठेवलं. नळी तोंडात धरून श्वास ओढला की आतल्या गोळ्या वर चढतात.

रुपचंदनं नळी तोंडात धरली आणि सवयीनं फुंकलं. गोळ्या हलल्या नाहीत.

"फुकानं नही भाऊ, वढानं," सिस्टर म्हणाल्या.

धुळ्याच्या हॉस्पिटलात कोणी सिस्टर आपल्या बोलीत बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग श्वास ओढला. एक गोळी अर्धवट वर आली आणि पडली.

"क्लारनेट वाजवणाऱ्याची ही ताकद?" सिस्टर म्हणाल्या. तो चिडला. सिस्टरांना तेच हवं होतं. चिडून त्यानं पुन्हा ओढलं, उशी दाबून खोकला, कफ निघाला. त्या दिवसापासून छातीचं काम सुरू झालं. मनाचं मात्र होतं तिथेच होतं. पिशवीकडे तो पाहायचा नाही. ती रिकामी करायची वेळ आली की डोळ्यांवर हात ठेवायचा.

अशातच तो दुपारचा प्रसंग घडला.

त्याच वॉर्डात मुक्ताईनगरकडचे जीवराम आबा होते. केळीचे मोठे बागायतदार, आवाज खणखणीत. हर्नियाचं ऑपरेशन व्यवस्थित झालेलं, पण दुखणं त्यांना सोसवत नव्हतं. त्या दुपारी त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. "मले कोनी पायतच नाही इथी! मरू द्या मले!" त्यांचा मुलगा कुंदन तावातावानं दारात सिस्टरांसमोर आला. "सिस्टर, वडील ओरडतायत, तुम्ही कुठे निघालात?"

सिस्टरांनी एकदा आबांकडे नजर टाकली. चेहरा लाल, आवाज मोकळा, हातवारे जोरात. "आले, आबांकडे मोहिनीला पाठवते," असं म्हणून त्या पुढे गेल्या. कारण दारातून त्यांना रुपचंद दिसला होता. तो ओरडत नव्हता. भिंतीकडे तोंड करूनही नव्हता. उताणा पडला होता, डोळे अर्धवट मिटलेले.

जवळ गेल्या तर कपाळावर गार घाम. जीभ कोरडी, नाडी पळतेय, दाब खाली. लघवीच्या पिशवीत सकाळपासून फारसं काहीच नाही. पोटावरची पिशवी मात्र पाण्यासारख्या जुलाबानं गच्च भरलेली, आणि लताबाईनं ती त्याआधीही भरलेली रिकामी केली होती. अंगातलं पाणी आणि मीठ तिथून वाहून चाललं होतं. लताबाई म्हणाली, "आज शांत झोपी ऱ्हायनात, म्हनीसन मी उठाडं नही."

सिस्टरांनी त्याला सपाट झोपवून पाय उंच केले, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या हातात सुई टोचून रक्त काढलं आणि डॉक्टर महाजनांना निरोप धाडला. डॉक्टर ओपीडी सोडून धावत आले. सलाईन जोरात सोडलं, रक्त तपासायला गेलं, पोटॅशियम घसरलेलं निघालं, तेही भरून काढलं. डॉक्टर आणि सिस्टर खाटेच्या दोन बाजूंना उभे. फार बोलणं नव्हतं. दाब सांगायचा, थेंब वाढवायचे, पुन्हा दाब. संध्याकाळ व्हायच्या आत नळीतून पिवळी धार दिसली. डॉक्टर म्हणाले, "आली लघवी!" आणि दोघं हसले. पोराचा निकाल लागावा तसे हसले, असं मोहिनी सांगते.

कुंदननं मात्र तक्रार केली. माझे वडील तळमळत होते आणि सिस्टर पाठ फिरवून निघून गेल्या, असं त्यानं ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी ट्रस्टचे दोन विश्वस्त, मेट्रन सुनंदाबाई आणि डॉक्टर महाजन वॉर्डात आले. सुनंदाबाईंनी विचारलं, "सुलक्षणा, तुझं काय म्हणणं?"

"पाठ फिरवली हे खरं नाही. मोहिनीला लगेच पाठवलं. तिनं इंजेक्शन दिलं, आबा झोपले. पण मी आधी रुपचंदभाऊंकडे गेले हे खरं आहे. उद्या तसंच झालं तर उद्याही जाईन."

कुंदन काही बोलणार तेवढ्यात खाटेवरून आबांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुंदन, गप बैस. मी बोंबलत व्हतो, म्हंजे मह्यात दम व्हता. त्या गड्याले बोंबलायलेही दम नव्हता. पोरगी त्याच्याकडं गेली, ते बरोबर केलं तिनं." मग विश्वस्तांकडे वळून, "आन मी बोंबलतो ते सवयीनं. केईच्या बागात मजूर लांब असतात ना."

सगळा वॉर्ड हसला. आबा हसता हसता टाका दुखला म्हणून पुन्हा ओरडले. थोड्या वेळानं कुंदन रुपचंदच्या खाटेशी गेला, लताबाईला म्हणाला, "वहिनी, काही लागलं तर सांगा." आणि आबांना आलेल्या केळ्यांचा अर्धा घड तिथे ठेवून आला. त्यातलं कुस्करलेलं केळं पुढे डॉक्टरांच्या परवानगीनं रुपचंदच्या पोटात गेलं. पिशवीतला जुलाब घट्ट व्हायलाही ते चांगलंच होतं. विश्वस्तांनी जाताना सुनंदाबाईंना सांगितलं, नव्या मुलींची शिकवणी यापुढे सुलक्षणाबाईंकडे द्या.

जीव वाचला, पण सिस्टरांचं काम संपलं नव्हतं. पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला ती स्वतः सांभाळता आली पाहिजे. लताबाई सगळं शिकायला तयार होती. सिस्टरांनी तिला बाजूला नेलं.

"वहिनी, तुम्ही शिका, पण करायचं नाही. त्यांनी करायचं."

"त्यासले किळस येस ताई. मी करसू ना."

"तुम्ही केलंत तर ते जन्मभर आजारी राहतील."

दुसऱ्या दिवशी पिशवी बदलायची होती. मागच्या बाजूला एक चिकट चकती असते. तिला मधोमध भोक कापायचं, ते आतड्याच्या तोंडाएवढंच हवं. मोठं झालं की पातळ मळ कातडीला लागतो आणि कातडी सोलून निघते. लहान झालं की आतडं आवळतं. सिस्टरांनी कात्री मोहिनीच्या हातात दिली. मोहिनीचं ते पहिलंच. तिनं जपून कापलं, पण भोक वेडंवाकडं आणि चांगलंच मोठं झालं. रुपचंद बोटांच्या फटीतून पाहत होता.

"इतलं मोठं?" तो एकदम म्हणाला. "कातडी जळी जाई ना!"

मोहिनी कावरीबावरी झाली. सिस्टरांनी दुसरी चकती काढून नुसती पुढे धरली.

रुपचंद क्लारनेटची पत्ती स्वतः घासायचा. बोरूची ती पातळ पत्ती केसाएवढी जास्त घासली गेली की सूर फाटतो. ब्लेड धरणारी ती बोटं चकतीभोवती हळूच फिरू लागली. त्यानं चादर बाजूला केली, पहिल्यांदा आतड्याचं ते लालबुंद तोंड डोळे उघडे ठेवून पाहिलं, माप घेतलं, कात्री चालवली. चकती बसली ती अशी की कुठे फट नाही. दाबून झाल्यावर तो मोहिनीला म्हणाला, "बेटा, कात्री फिरवानी नही. चकती फिरवानी."

लताबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. सिस्टरही तिच्यामागे गेल्या. दोघी व्हरांड्यात उभ्या राहून रडल्या आणि मग दोघींना हसू आलं.

घरी जाताना सिस्टरांनी त्याला सगळं समजावलं. पाण्यात मीठ-साखर घालून थोडं थोडं पीत राहायचं, पिशवी अर्धी भरली की रिकामी करायची, तोंड कोरडं पडून चक्कर आली तर वाट न बघता यायचं. शेवटी त्यानं विचारलं, "आनी बाजा?"

डॉक्टर महाजन म्हणाले, "इतक्यात नाही. पोटाची भिंत भरून येऊ दे. जोर लावलास तर हर्निया होईल, मग आबांसारखं ओरडावं लागेल."

तो तपासणीला येत राहिला. अंगावर मांस चढलं. डॉक्टरांनी पोटावर पट्टा बांधून आधी हळू लांब सूर, मग थोडं थोडं वाढवायला परवानगी दिली. एकदा तो आला तेव्हा त्याचे डोळेच बोलत होते.

"ताई, आखाजीले तुमना गावले सुपारी शे आमनी. डॉक्टरसाहेबले इचारं. हो म्हनात. पट्टा बांधीसन, एकच वरात, नाचानं नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. सुलक्षणा सिस्टरही दोन दिवस रजा काढून गेल्या. दारच्या निंबाला झोका बांधलेला, घरात सांजोऱ्या, आंब्याचा रस. दुपार कलल्यावर गावात वरात निघाली. तानुबाई लेकीला घेऊन वेशीपाशी जाऊन उभी राहिली.

बँडचा टेम्पो आधीच आला होता. रुपचंद टेम्पोच्या मागे जाऊन पिशवी रिकामी करून आला, हात धुतले आणि पुढे उभा राहिला. लताबाईनं त्याचा लाल कोट उसवून पोटाशी सैल केला होता, आतून मऊ अस्तर लावलं होतं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. ढोल थांबला. त्यानं श्वास ओढला.

सूर निघाला तो आधी बारीक. मग तो मोकळा झाला, वर चढला आणि असा काही स्थिरावला की वरातीतली माणसं बोलायची थांबली. त्या एका सुरावर तो किती तरी वेळ राहिला. मग तो तिथून घसरत खाली आला, ढोल कडाडला आणि गाव नाचायला लागलं. बाया, पोरी, फेटेवाले म्हातारे, झोके सोडून आलेल्या लेकी, सगळे. नवरदेवाच्या घोड्यालाही पाय ठेवायला जागा राहिली नाही.

सिस्टर मात्र टक लावून त्याच्या पट्ट्याकडे बघत होत्या. तानुबाईनं कोपर मारलं.

"गाणं आईक ना बाई. त्याना पोटकडे काय दखस?"

तेव्हा कुठे सिस्टरांनी मान वर केली. रुपचंदनंही त्यांना पाहिलं. वाजवता वाजवताच त्यानं क्लारनेट त्यांच्या दिशेनं उंच केलं. लोकांना वाटलं, कोणी मोठी पाहुणी आली असेल. दोघा-चौघांनी वळून नमस्कारही केला. आणि ज्या बाईनं वॉर्डात कधी आवाज चढवला नाही, तिनं पदर खोचला आणि ती गावातल्या बायांबरोबर वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत नाचत गेली. तानुबाई सांगते, पोर लग्नात नाचली नाही एवढी त्या दिवशी नाचली.

उन्हाळ्यातली लगीनसराई संपल्यावर त्याचं दुसरं ऑपरेशन झालं. आतडं जोडून आत गेलं. या वेळी कोणी सांगायच्या आधीच त्यानं उशी मागून घेतली, खोकला, यंत्राच्या तिन्ही गोळ्या वर नेऊन तिथेच धरून ठेवल्या आणि शेजारच्या खाटेवरच्याला म्हणाला, "दख, वढानं, फुकानं नही."

ट्रस्टनं ओपीडीशेजारची एक खोली आता सिस्टरांना दिली आहे. पोटावर पिशवी लागलेली माणसं तिथे येतात, बायकाही येतात. चकती कापायला मोहिनी शिकवते. तिचा हात आता फार सफाईचा आहे. सुपारी नसेल त्या दिवशी रुपचंदही येऊन बसतो.

परवा मी रक्तदाब दाखवायला गेलो होतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका मास्तरांना पहिल्यांदा उठवून सिस्टर व्हरांड्यात चालवत होत्या. मास्तर त्यांच्या खांद्याला घट्ट धरून होते. त्या खोलीतून हसण्याचा मोठा गलका आला. मास्तर दचकून थांबले.

"कोण आहे हो तिथे?"

"आमचे बँडवाले आहेत," सिस्टर म्हणाल्या. "या, खोल श्वास घ्या, आणि त्या दारापर्यंत जाऊ."

मास्तरांनी श्वास घेतला आणि पाऊल टाकलं.